उन्हातली पाहणी आणि सावलीतले निष्कर्ष

(सोलापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



क्षेत्रपाहणीचा विषय निघाला की पक्षाच्या कार्यकर्त्याच्या मनात शंका उभी राहते. पाहणी करावी विद्यापीठांनी, संशोधन संस्थांनी, फार तर सरकारच्या सांख्यिकी खात्याने. कार्यकर्त्याचे काम संघटना बांधण्याचे, मोर्चा काढण्याचे, लोकांच्या बाजूने भांडण्याचे. वैशाखाच्या उन्हात तक्ते भरीत हिंडावयास त्याला सवड कोठून असणार? ही शंका अगदीच अवाजवी नाही. परंतु तिचे उत्तर त्याच कार्यकर्त्याच्या रोजच्या अनुभवात सापडते. दुष्काळाच्या वर्षी मोर्चा तहसील कचेरीवर पोचतो, निवेदन दिले जाते आणि मेजापलीकडचा अधिकारी शांतपणे एक कागद पुढे सरकवितो. त्या कागदावर गावाची पैसेवारी पन्नासच्या वर लिहिलेली असते. कणग्या रिकाम्या आहेत हे मोर्चातील प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्या ठाऊक असण्याला आकडा नसतो, तारीख नसते, गट नंबर नसतो. मोर्चा तेथेच अडतो.

तेव्हा प्रश्न असा आहे की तो कागदावरचा आकडा आला कोठून? तो काढण्यासाठी कोण चालले, कोणत्या रस्त्याने चालले, कोणत्या महिन्यात चालले आणि कोणाच्या ओट्यावर बसले? या चार प्रश्नांचा विचार या जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे करणे हा आजच्या विषयाचा हेतू आहे.

जुनी वाट

महाराष्ट्रात लोकांच्या बाजूने पाहणी करण्याची परंपरा विद्यापीठांतून निघालेली नाही. ती सार्वजनिक कार्यातून निघाली. १८७६–७७ च्या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि तिच्या आधारे सरकारपुढे एकामागून एक निवेदने मांडली. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत असा हिशेब बसविला होता. मुंबई इलाख्यात त्याविरुद्ध लोकांनी कामे सोडली. अशा वेळी नुसता संताप पुरेसा नव्हता. किती लोक कामावर आहेत, धान्याचा भाव काय आहे, त्या मजुरीत किती शेर ज्वारी येते, हे सांगणे आवश्यक होते. सभेने ते काम केले. पाहणी आणि निवेदन, आकडा आणि मागणी ही एकाच कार्याची दोन अंगे आहेत हे त्या पिढीला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पुढे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ मध्ये पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुकचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेतीचे तुकडे किती, कर्ज किती, कुटुंबाला वर्षभर पुरेल एवढे उत्पन्न किती घरांत येते, हे त्यांनी घरोघर विचारून मांडले. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली ही पद्धत शिस्तीने वाढविली. सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे मूळ काम मात्र महायुद्धापूर्वीचे होते. ज्या कामगाराने आपला पगार, खोलीभाडे आणि कर्ज सांगितले त्याचा मुलगा गिरणीत लागून मोठा झाल्यावर ते उत्तर ग्रंथात छापले गेले. ही संस्थेची निंदा नव्हे. पाहणीचे फळ विचारलेल्या माणसाच्या हयातीत त्याच्या हाती पडावे, ही साधी गोष्टसुद्धा किती अवघड असते एवढेच यावरून ध्यानात यावे.

आणि पाहणी किती उपयोगी पडते याचाही दाखला त्याच संस्थेच्या कामात आहे. १९४८ च्या मुंबई कूळकायद्याच्या अंमलबजावणीची पाहणी वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदनपूर यांनी केली. तिचा अहवाल १९५७ मध्ये निघाला. कायद्याने कुळाला संरक्षण दिले होते. दप्तरात मात्र कुळांनी आपण होऊन जमिनी सोडल्याच्या नोंदी होत्या. अन्वेषक बांधापर्यंत पोचले तेव्हा या राजीखुशीमागे किती राजी होती आणि किती खुशी होती ते दिसून आले. कचेरीत बसून सातबारा वाचणाऱ्याला ते कधीच दिसले नसते.

उन्हाळ्याची निवड

आता रस्त्याकडे वळू. पाहणीसाठी उन्हाळाच का निवडतात? महाविद्यालयांना सुटी असते, शिकलेली मुले स्वस्तात मिळतात, हे उघड कारण झाले. परंतु सोलापूरच्या शेतीत दुसरीही कारणे आहेत. हा जिल्हा रब्बीचा. काळी खोल जमीन पावसाळाभर मोकळी ठेवावयाची, भाद्रपद-आश्विनात ओलीवर ज्वारी पेरावयाची आणि माघ-फाल्गुनात काढावयाची, असा येथला क्रम चालत आला. ज्या मालदांडी ज्वारीच्या भाकरीचा सोलापूरकराला अभिमान आहे तिचे ३५-१ हे निवडक वाण याच जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर तयार झाले. सुगी संपली की धान्य कणगीत येते, सावकाराचे आणि सोसायटीचे देणे निघते, पाडव्याला सालगड्याचा करार नवा होतो, लग्ने ठरतात, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परततात. वर्षाचा सगळा जमाखर्च चैत्र-वैशाखात उघडा पडतो. विहिरीने तळ गाठलेला असतो, त्यामुळे पाण्याचे खरे मोजमाप त्याच दिवसांत होते.

म्हणून अन्वेषक उन्हाळ्यात निघतो. त्याच्या जगण्याची रीत रस्ताच ठरवितो. पहिल्या एस.टी.ने फाट्यावर उतरावयाचे आणि तेथून दोन-तीन मैल पायी किंवा मागून आणलेल्या सायकलीवर. वळकटी, पाण्याचा तांब्या, कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा आणि मोजपट्टी एवढा संसार. मुक्काम शाळेच्या ओसरीवर नाही तर मारुतीच्या देवळात. लोक भेटतात ते सकाळी नऊच्या आत आणि दिवेलागणीनंतर. मधल्या वेळी पारा चाळीसच्या वर गेलेला असतो, तेव्हा लिंबाखाली बसून सकाळचे आकडे तक्त्यात उतरवावयाचे आणि बेरजा जुळत नाहीत म्हणून संध्याकाळी त्याच घरी पुन्हा जावयाचे. जेवण ज्या घरी पाहणी त्या घरी घेऊ नये असा नियम असतो. तो पाळता येत नाही, कारण ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक पुढे आल्यावर नको म्हणणे हा त्या घराचा अपमान होतो. पण ज्या घरात भाकरी पुढे येत नाही तेथे ती का आली नाही, हेही समजून घेण्याची नजर त्याच्यापाशी असावी लागते.

भाषेची अडचण निराळीच. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या अनेक गावांत घरातली बोली कानडी आहे. शहरात विणकरांच्या वस्तीत तेलुगू चालते. विचारणारा नुसत्या पुस्तकी मराठीत प्रश्न वाचू लागला की उत्तर गावच्या पुढाऱ्याकडून येते आणि ज्याला विचारले तो मान डोलावतो. मापांचेही तसेच. छापील तक्त्यात क्विंटल असते. बाई पायलीत सांगते, म्हातारा पोत्यात सांगतो. वय विचारले तर उत्तर दुष्काळावरून येते. या प्रत्येक ठिकाणी जो घाई करील तो चुकीचा आकडा घेऊन घरी जाईल. पुढे त्या चुकीच्या आकड्यांवर कितीही शास्त्रशुद्ध गणित केले तरी ते चुकीचेच राहील. प्रा. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगात दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची ताटे आत धरली जाऊन उत्पन्न वाढीव दिसते. बांधावर दोरी कोठे धरावी हा प्रश्न असा धोरणाचा प्रश्न होतो. पीकविम्याची भरपाई अशाच प्रयोगांवर अवलंबून राहत आली आहे, हे शेतकऱ्यांत काम करणाऱ्यांनी विसरू नये.

रस्ता हेच कामाचे ठिकाण

१९७२–७३ चा उन्हाळा आठवणारी माणसे अजून या जिल्ह्यात आहेत. लागोपाठ तीन वर्षे पावसाने दगा दिला होता आणि सोलापूर हा सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. त्या उन्हाळ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या अन्वेषकाला गावात माणूस भेटत नव्हता, कारण गावच रस्त्यावर आले होते. खडी फोडणे, मुरूम टाकणे, नालाबांध, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील माणसांची संख्या पन्नास लाखांच्या घरात पोचली. जगात अन्यत्र कोठेही एवढ्या मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे निघाल्याचे उदाहरण त्या काळापर्यंत क्वचितच होते. धान्याची तूट भयंकर असूनही भूकबळींची लाट आली नाही, याचे मोठे श्रेय या कामांना द्यावे लागेल. सुकडीच्या आणि रेशनवरच्या मिलोच्या आठवणी मात्र कडू आहेत. मजुरी कामाच्या मापावर होती, माप घेण्यास विलंब होत होता आणि पगार पंधरवड्यामागून पंधरवडे लांबत होता.

कामावर स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. शेतीच्या आकडेवारीत ज्यांची नोंद ‘घरकाम’ म्हणून होत असे त्या बाया पन्नास अंश उन्हागत तापलेल्या खडीवर बसून पुरुषाच्या बरोबरीने घण घालीत होत्या. मोजणाऱ्यांच्या दृष्टीला हा मोठा धडा होता. ज्या वर्षी मजुरी रोख आणि सार्वजनिक झाली त्या वर्षी बाईचे श्रम ‘दिसू’ लागले. श्रम मात्र त्याआधीही होतेच. सुलभा ब्रह्मे यांनी या दुष्काळाचा अभ्यास करून पाण्याच्या नियोजनाची बाजू मांडली. कुमुदिनी दांडेकर आणि मंजू साठे यांनी पुढे रोजगार हमीच्या कामांची पाहणी केली. कामावर जाऊन, मजुरांशी बोलून केलेले हे अभ्यास होते. आणि यातले बरेच काम स्त्रियांनी केले हा योगायोग मानू नये. खडीवर बसलेल्या बाईने आपला आजार, आपली उपासमार आणि मुकादमाचे वर्तन कोणापाशी सांगावे?

दुष्काळी कामांना हक्काचे रूप आले ते राजकीय दडपणामुळे. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये सुरू झालेला छोटा प्रयोग, १९७१ मध्ये दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ या निबंधात केलेली ग्रामीण कामांची शिफारस आणि डाव्या व समाजवादी पक्षांनी कामाकामावर उभी केलेली संघटना, हे तीन प्रवाह एकत्र आले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरी पगारदारांवर व्यवसायकर बसवून त्याचा पैसा उभारला गेला. २००५ मध्ये देशाने असा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव पुढे होता. दांडेकर आणि रथ यांची दारिद्र्यरेषा, म्हणजे १९६०–६१ च्या भावाने ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये, ही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या तक्त्यांतून काढलेली होती. ते तक्ते कोणी तरी अज्ञात अन्वेषकाने कोणत्या तरी झोपडीच्या दारात बसून भरले होते.

शिरापूर आणि कळमण

१९७५ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यातील दोन गावांत निराळ्या प्रकारची पाहणी सुरू झाली. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने कोरडवाहू प्रदेशातील सहा गावे निवडली. दोन महबूबनगर जिल्ह्यातील, दोन अकोल्यातील आणि दोन सोलापूरची: मोहोळ तालुक्यातील शिरापूर आणि उत्तर सोलापूरमधील कळमण. प्रत्येक गावात चाळीस कुटुंबे: दहा मजुरांची, बाकीची लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. येथे अन्वेषक उन्हाळ्यापुरता आला नाही. शेतीचे शिक्षण घेतलेला, शेतकरी घरातला, तेथली भाषा बोलणारा तरुण गावातच राहू लागला आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी त्याच प्रश्नांसह जाऊ लागला. हे दहा वर्षे चालले. २००१ पासून पुन्हा सुरू झाले.

त्यातून काय निघाले? अमेरिकेतील रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ मध्ये शिरापूर, कांझरा आणि औरेपल्ली या तीन गावांच्या नोंदींवरून असे दाखविले की घराचा खाण्यापिण्याचा खर्च त्या घराच्या त्या वर्षीच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरीबरोबर अधिक वरखाली होतो. म्हणजे उसनवार, नातेगोते, सावकारी यांतून गाव आपापसांत संकट काही प्रमाणात वाटून घेते. रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी १९८९ मध्ये मांडले की मुली दूरच्या गावी देण्यामागे पावसाचाही हिशेब असतो. येथे पाऊस गेला तर तेथे पडलेला असतो आणि सोयरा अडचणीला उभा राहतो. वाईट वर्षी बैल विकावा लागतो आणि तो विकला की पुढच्या वर्षीची पेरणीही अडचणीत येते, हेही याच नोंदींतून सिद्ध झाले.

शिरापूरच्या शेतकऱ्याला यातले नवीन काय, असे कोणी म्हणेल. त्याला हे आजोबांपासून माहीत आहे. परंतु या निष्कर्षांचा समाजवादी कार्यकर्त्याने जो अर्थ काढावयास हवा तो महत्त्वाचा आहे. गाव आपापसांत संकट वाटून घेऊ शकते ते संकट एका घरावर आलेले असताना. सगळ्या शिवाराचाच पाऊस गेला तर शेजारी शेजाऱ्याला काय देणार? सोलापूरमध्ये संकट येते ते बहुधा असेच, तालुक्याच्या तालुक्यावर. तेथे नात्यागोत्याची व्यवस्था संपते आणि सरकारच्या जबाबदारीस प्रारंभ होतो. याच अभ्यासांत दिसले की रोजगार हमीची कामे जवळ असलेल्या महाराष्ट्रातील गावांत भूमिहीनांचे उत्पन्न, तशी हमी नसलेल्या तेलुगू गावांतील भूमिहीनांच्या मानाने कमी हेलकावे खात होते. कामाच्या हक्काच्या बाजूचा याहून भक्कम पुरावा दुसरा कोणता असेल? तो आपल्या जिल्ह्यात तयार झाला आणि आपल्याच सभांतून त्याचा उल्लेख फारसा होत नाही.

कोणत्या वाटेने, कोणत्या महिन्यात

इंग्रज अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात खेड्याला भेट देणाऱ्यांच्या दृष्टिदोषांची यादी दिली. शहरातला माणूस डांबरी रस्त्यालगतचे गाव पाहतो, गावात गेला तर पुढाऱ्याच्या वाड्यात बसतो, पुरुषांशी बोलतो, जेथे योजना चालू आहे तेथेच नेला जातो, आणि प्रवास सुखाचा होतो त्या कोरड्या दिवसांत जातो. त्यामुळे पावसाळ्यातली भूक, चिखल आणि ताप त्याला कधी दिसत नाहीत.

यातील शेवटचा दोष सोलापूरला लावून पाहण्यासारखा आहे. येथे कोरड्या दिवसांतला प्रवास मुळीच सुखाचा नसतो, म्हणून उन्हाळ्यात हिंडणाऱ्याला वाटते की आपण सर्वांत कठीण काळ पाहिला. तो पाण्याचा कठीण काळ असतो, यात शंका नाही. पण पीक बरे आलेल्या वर्षी वैशाखात कणगीत नवी ज्वारी असते. ती संपत जाते आषाढ-श्रावणात, आणि पुढचे धान्य हाती येण्यास माघ उजाडावा लागतो. मजुराच्या घरी खरी ओढ त्या महिन्यांत असते. त्याच वेळी अन्वेषक कॉलेजात परत गेलेला असतो आणि अहवाल लिहीत असतो. उलट दुष्काळी वर्षी तो उन्हाळ्यात येतो तेव्हा सगळी भयानकता एकदम दिसते आणि ती कायमचीच आहे असे तो लिहून जातो. एकाच ऋतूत केलेली पाहणी चांगल्या वर्षी दारिद्र्य झाकते आणि वाईट वर्षी त्याची कारणे झाकते. शिरापूर-कळमणच्या पाहणीचे मोल येथे कळते. तिची मदार परत परत त्याच दारात जाण्यावर होती.

डांबरी रस्त्याचा दोष तर आता वाढला आहे. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर भीमेच्या पट्ट्यात ऊस पसरला आणि साखर कारखाने उभे राहिले. महामार्गावरून जाणाऱ्याला हिरवा सोलापूर दिसतो. त्या हिरव्या पट्ट्यापासून दूर, कालव्याचे पाणी न पोचलेल्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आणि अवर्षणाच्या वर्षी खुद्द उजनीचा उपयुक्त साठा संपून आकडा उण्यात जातो. ज्यांची घरेच चालती आहेत, त्या मेंढपाळांची आणि भटक्या जमातींची गोष्ट याहून बिकट. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआडील सेटलमेंटमध्ये एके काळी ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवून डांबले होते, त्यांची ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने मुक्तता झाली. पण घरांची यादी करून नमुना निवडणाऱ्या पाहणीत ज्याला दार नाही तो माणूस येतच नाही. रस्त्यावर जगणारा रस्त्यावरच्या पाहणीतून निसटतो, हा विरोधाभास अजून मिटलेला नाही.

विचारणाऱ्याचे आणि सांगणाऱ्याचे

अन्वेषक हाही श्रमिक आहे, याचा विचार समाजवाद्यांनी तरी करावयास हवा. तो बहुधा हंगामी असतो. मानधन तक्त्यागणिक, भत्ता अपुरा, ऊन लागून आजारी पडला तर रजा नाही. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचे नाव नसते. स्त्री अन्वेषक असेल तर मुक्कामाची सुरक्षित जागा आणि शौचाची सोय हे प्रश्न पहिल्या दिवसापासून उभे असतात. घाईचा, अर्धपोटी, आकडा पुरा करण्याच्या दडपणाखालचा माणूस झाडाखाली बसून दोन-चार तक्ते अंदाजाने भरून टाकतो, तेव्हा त्याला अप्रामाणिक म्हणणे सोपे असते. त्याला त्या झाडाखाली बसविणाऱ्या व्यवस्थेचा हिशेब कोण मांडणार? शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा यांच्यावर आज अशा मोजण्यांचा भार पडतो आहे. त्यांच्या मागण्या आणि आकड्यांचा खरेपणा यांचा थेट संबंध आहे.

आणि सांगणारा? प्रत्येक अन्वेषकाला प्रत्येक गावात एकच प्रश्न ऐकावा लागतो: ‘लिहून तर नेताय दादा, पण आमच्या पदरात काय पडणार?’ प्रामाणिक माणसाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, आणि खोटे आश्वासन दिले तर पुढच्या वर्षी त्या दारात उभे राहता येत नाही. लोकांनी सांगितलेली माहिती शहरात जाते, परदेशात जाते, तिच्यावर पदव्या मिळतात. गावात तिचा एक कागदही परत येत नाही. शेतीमाल कच्चा जावा आणि पक्का होऊन महागात परत यावा, ही वसाहतवादाची जुनी रीत आपण जाणतो. ज्ञानाच्या बाबतीत तर पक्का मालही परत येत नाही.

कार्यकर्त्याने काय करावे

काळ बदलला आहे. आता उपग्रह पिकांचा हिरवेपणा मोजतात, अन्वेषकाच्या हाती मोबाइल असतो. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ-संहितेने पर्जन्यमान, पेरणी, जमिनीतील ओलावा, भूजल असे निर्देशांक ठरवून दिले आणि शेवटी निवडक गावांत प्रत्यक्ष शेतावर जाऊन सत्यमापन करण्याची पायरी ठेवली. म्हणजे एवढ्या यंत्रांनंतरही कोणी तरी बांधावर जावे लागतेच. ते सत्यमापन कोणत्या गावात झाले, कोणत्या गटात झाले, हे किती कार्यकर्ते विचारतात? दुसरीकडे २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. कितीतरी वर्षे देशाचा कारभार २०११ च्या शिरगणतीवर चालला. रेशनपासून वंचित राहिलेल्या माणसांचा प्रश्न या विलंबाशी बांधलेला आहे. मोजणी लांबणे हाही अन्यायाचाच प्रकार होतो.

तेव्हा प्रस्ताव साधा आहे. प्रत्येक तालुक्यातील शाखेने डांबरी रस्त्यापासून दूरचे एक गाव निवडावे. तेथे दहा घरे घ्यावीत: चार मजुरांची, तीन कोरडवाहू शेतकऱ्यांची, दोन बागायतदारांची आणि एक असे घर की ज्याचा कर्ता पुरुष बाहेरगावी आहे. वैशाखात, श्रावणात, दिवाळीनंतर आणि सुगीत अशा चार फेऱ्या कराव्यात. प्रश्न थोडे ठेवावेत: घरात किती धान्य आहे, किती दिवस काम मिळाले, मजुरी किती दिवसांनी मिळाली, कर्ज किती आणि कोणाचे, पाणी कोठून येते आणि ते कोण आणते. प्रश्न विचारणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. घराचे नाव कागदावर न लिहिता क्रमांक लिहावा, कारण सावकाराचे नाव सांगणाऱ्याचे रक्षण करणे ही विचारणाऱ्याची जबाबदारी आहे. जे आढळेल ते पक्षाच्या मताला प्रतिकूल असले तरी तसेच लिहावे. खोट्या आकड्यावर उभी केलेली मागणी पहिल्याच उलटतपासणीत कोसळते आणि आपल्याबरोबर खऱ्या मागणीलाही खाली ओढते.

आणि वर्ष संपल्यावर, ते आकडे प्रथम त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शहरातल्या परिषदेत नंतर. गावकरी चूक काढतील, ती दुरुस्त करावी. मग तोच कागद घेऊन, तेच लोक बरोबर घेऊन, तहसील कचेरीत जावे. मेजापलीकडून पैसेवारीचा कागद पुढे आला तर आपला कागद त्याच्या शेजारी ठेवता येईल आणि विचारता येईल की या दोहोंपैकी कोणत्या कागदासाठी कोणी चालले होते.

दहा घरांवरून जिल्ह्याचे अनुमान निघत नाही, हा आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करावा. परंतु अकरा तालुक्यांतील अकरा गावे, एकशे दहा घरे, चार ऋतू आणि दहा वर्षे असा हिशेब केला तर आज कोणत्याही पक्षापाशी नाही एवढे ज्ञान या जिल्ह्यातील कष्टकऱ्यांच्या चळवळीपाशी जमा होईल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे दर वर्षी चार वेळा त्याच दारात जाणारा कार्यकर्ता फक्त निवडणुकीच्या वर्षी येणारा माणूस राहणार नाही. ‘आमच्या पदरात काय पडणार’ या प्रश्नाला त्याच्यापाशी पूर्ण उत्तर नसेल. पण तो पुन्हा येईल हे त्या घराला ठाऊक असेल. कामाला येत्या वैशाखात सुरुवात करता येईल. त्यासाठी वही, मोजपट्टी आणि पहिल्या एस.टी.चे तिकीट यांपलीकडे फारसे काही लागत नाही.